.२२ स्पोर्ट पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग आणि नळीखालची वेटं, आठ महिने वापरून लिहितोय

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू अख्ख्या पिस्तुलाचा नाहीये. पिस्तूल माझं जुनंच आहे, इटालियन बनावटीचं .२२ चं, सहा वर्षं झाली घेऊन, आणि मेकचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण या सगळ्या भानगडीत चूक त्याची नव्हतीच. रिव्ह्यू आहे दोन छोट्या वस्तूंचा. एक, कंपनीची ओरिजिनल रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे गोळी सुटल्यावर मागं सरकलेला भाग परत पुढं ढकलणारी. दुसरी, नळीच्या खाली स्क्रूने लागणारी ६०-६० ग्रॅमची दोन स्टीलची वेटं. दोन्ही मिळून दहा हजारांच्या आसपास गेले, आणि मी गेल्या तीन वर्षांत ग्रिपवर, शूजवर, चष्म्यावर जेवढा खर्च केलाय त्या सगळ्यापेक्षा या दहा हजारांनी जास्त दिलंय. पण मध्ये एकदा चुकीची स्प्रिंग घेऊन पैसे आणि एक अख्खी स्पर्धा घालवली, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी भोसरीला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, आमच्याकडं स्प्रिंगाच बनतात, मुख्यतः टू-व्हीलरच्या शॉकअपच्या. वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, १८६९ पासूनची फॅक्टरी आहे ती, त्यामुळं काडतूस, पुंगळी, दारू हे शब्द घरात लहानपणापासून ऐकलेत, पण पिस्तूल हातात धरलं ते बालेवाडीला, वयाच्या तिसाव्या वर्षी. आधी एअर पिस्तूल, मग २५ मीटरवर आलो. आता स्टँडर्ड पिस्तूल खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टँडर्ड पिस्तूलमध्ये ६० गोळ्या असतात, पाच-पाचच्या सिरीज, पहिल्या चार सिरीज १५० सेकंदांच्या, पुढच्या चार २० सेकंदांच्या आणि शेवटच्या चार १० सेकंदांच्या. एका हातानं. १० सेकंदांत हात ४५ अंशातून वर आणून पाच गोळ्या. इथंच स्प्रिंग आणि वजन या दोन गोष्टी माणसाला उघडं पाडतात.

मागच्या पावसाळ्यात गडबड सुरू झाली. १५० सेकंदांच्या सिरीज ठीक जायच्या, पण १० सेकंदांत चौथी-पाचवी गोळी उगाचच वर आणि डावीकडं जायला लागली. मी आपला मनगटाला दोष देत बसलो. रोज घरी ड्राय करायचो, म्हणजे गोळीशिवाय नुसता ट्रिगरचा सराव, डंबेल उचलायचो, काही फरक नाही. मग दुसरी गोष्ट दिसली. रेंजवर आमच्या लेनला बाजूला पार्टिशन आहे, आधी रिकाम्या पुंगळ्या माझ्या उजव्या बुटापासून दोन-तीन फुटांवर पडायच्या, आता त्या पार्टिशनवर टण्णकन आपटून परत माझ्याच टेबलावर यायला लागल्या. आणि तिसरं म्हणजे अधूनमधून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, पूर्ण बंद व्हायचाच नाही. अगदी मिलिमीटरभर मागं राहायचा, ट्रिगर दाबला की काहीच नाही, नुसती शांतता. .२२ च्या शिशाच्या गोळीला मेण असतं, ते चेंबरच्या तोंडाशी साठतं, म्हणून मी आधी साफसफाईवर घसरलो. साफ केलं की पन्नासेक गोळ्या ठीक, मग परत तेच.

आमच्या कोच सरांनी बघितलं आणि फार काही बोलले नाहीत. मागं उभं राहून दोन सिरीज बघितल्या, खाली वाकून एक पुंगळी उचलली, तिची कड बघितली आणि म्हणाले, "स्प्रिंग कधी बदललीस रे?" मी म्हटलं, "सर, बदलली नाहीये." "किती गोळ्या झाल्यात?" वहीत हिशेब असतो माझा, १४ हजारांच्या वर झाल्या होत्या. सर म्हणाले, "मग मनगटाला कशाला मारतोयस."

मला खरंच लाज वाटली कारण मी दिवसभर तेच काम करतो. स्प्रिंग बसते, आमच्याकडं म्हणतात सेट घेतला. तार तुटत नाही, वाकत नाही, दिसायला अगदी नवी दिसते, फक्त हळूहळू तिची फ्री लेंथ, म्हणजे न दाबता भरणारी लांबी, कमी होत जाते. गाडीचा शॉकअप बसला की गाडी खाली बसलेली डोळ्याला दिसते, पिस्तुलात मात्र सगळं आत, त्यामुळं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंग काढून खिशात घालून कामावर नेली. लंचला स्प्रिंग टेस्टरवर लावली. टेस्टिंगवाले काका म्हणाले, "कसल्या व्हॉल्व्हची आणलीस रे ही?" तर मोजमाप असं निघालं: तार ०.८ मिमी, वेटोळे २२, फ्री लेंथ ६६ मिमी. पिस्तुलात बोल्ट बंद असताना स्प्रिंग ४५ मिमीत दबलेली असते, त्या लांबीला लोड आला सव्वा किलो. बोल्ट पूर्ण मागं गेला की ती १९ मिमीत येते, तिथं २.८ किलो. आता नवी किती पाहिजे ते मला तेव्हा माहीत नव्हतं, ते पुढं कळलं.

आता घाई केली ती इथं. नॅशनलच्या सिलेक्शनची स्पर्धा दोन आठवड्यांवर होती, ओरिजिनल स्प्रिंग बाहेरून यायला महिना-दीड महिना सांगितला होता. एका विक्रेत्यानं सांगितलं, "सर आपल्याकडं सेम टू सेम आहे, उलट थोडी कडकच आहे, झटका कमी बसेल." मी घेतली. बाराशे रुपये. दिसायला तशीच, लांबी ७२ मिमी, म्हणजे नव्या ओरिजिनलएवढीच, हे नंतर कळलं. बोल्ट ओढला तेव्हाच जड लागला, पण मला वाटलं चांगलंय की, कडक म्हणजे झटका खाणार.

रेंजवर पहिल्या मॅगझिनला पाचपैकी तीन पुंगळ्या पोर्टमध्ये, म्हणजे त्या बाहेर पडायच्या खिडकीत, उभ्या अडकल्या. दुसऱ्या मॅगझिनला पुंगळी बाहेर पडली पण पुढचं काडतूस उचललंच नाही, बोल्ट रिकामाच पुढं येऊन बसला. मी तरी म्हटलं नवी आहे, बसेल. दोनशे गोळ्या मारल्या, थोडं सुधारलं, म्हणजे दहात एक अडकायला लागली. आणि तसाच स्पर्धेला गेलो. २० सेकंदांच्या दुसऱ्या सिरीजला अडकली. मालफंक्शन मागता येतं, हात वर करायचा, रेंज ऑफिसर येतो, सिरीज परत मारायला मिळते, ते सगळं नियमात आहे. पण एकदा अडकली की पुढची प्रत्येक गोळी आता अडकेल का, आता अडकेल का, असं करत मारली जाते, आणि १० सेकंदांत तसं चालत नाही. त्या दिवसाचा स्कोअर लिहीत नाही.

परत आल्यावर ती स्प्रिंग टेस्टरवर घातली, आणि मायक्रोमीटर लावला तेव्हा डोकं जागेवर आलं. तार ०.९ ची होती. फक्त एक दशांश मिलिमीटर जाड. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे बाकी सगळं तेवढंच ठेवून ०.८ चं ०.९ केलं की स्प्रिंग साधारण ६० टक्के कडक होते. साठ! बंद बोल्टला नव्या ओरिजिनलच्या १.६ च्या जागी २.६ किलो. आणि त्याहून वाईट म्हणजे २२ वेटोळे गुणिले ०.९, होतात १९.८ मिमी. जागा आहे १९ ची. म्हणजे बोल्ट पूर्ण मागं जायच्या आधीच वेटोळ्यावर वेटोळं बसून स्प्रिंग लोखंडी नळी झालेली, बोल्ट पाऊण मिलिमीटर अलीकडंच थांबणार. पुंगळी बाहेर फेकायला आणि पुढचं काडतूस उचलायला बोल्टला जो शेवटचा प्रवास लागतो तोच खाल्ला गेला. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण "सेम टू सेम" म्हणून विकताना तार मोजायला पाहिजे होती, आणि विकत घेताना मीही मोजायला पाहिजे होती.

इथं थोडं थांबून स्प्रिंग नक्की काय करते ते लिहितो, कारण रेंजवर अर्ध्याहून जास्त लोकांची समजूत माझ्यासारखीच आहे, की कडक स्प्रिंग झटका खाते. .२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, छोट्या नळीतून ती ३०० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास निघते. तिला पुढं जेवढा धक्का मिळाला तेवढाच मागं मिळणार, त्यात स्प्रिंग एक कणही कमी करू शकत नाही. आमच्या पिस्तुलात नळी आणि बोल्ट एकमेकांना लॉक नसतात, बोल्टच्या नुसत्या वजनावर आणि स्प्रिंगवर काम चालतं, ज्याला ब्लोबॅक म्हणतात. गोळी नळी सोडते तेव्हा बोल्ट जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकलेला असतो, पळायला लागलेला असतो पण पोचलेला कुठंच नसतो. गोळी गेली. आता तो बोल्ट मागं येतो, हॅमर चढवतो, स्प्रिंग दाबतो, उरलेला जोर मागं ठोकरतो, आणि मग स्प्रिंग त्याला परत पुढं ढकलते, जाताना नवं काडतूस घेऊन. स्प्रिंग एवढंच करते की तो धक्का एकदम न देता थोडा लांबवून देते. म्हणजे स्प्रिंग मऊ पडली की बोल्ट मागं जोरात आपटतो, पिस्तूल हातात वर उडतं आणि पुंगळी लांब जाते, शिवाय परत येताना जोर कमी म्हणून बोल्ट अर्धवट बंद. माझी तिन्ही लक्षणं हीच होती. आणि स्प्रिंग फार कडक असली की मागचा प्रवास अपुरा, आणि पुढं येताना बोल्ट एवढ्या जोरात बंद होतो की नाक खाली मारतं. हे नाक खाली मारणं लोकांच्या लक्षातच येत नाही. वर उडणं दिसतं, खाली मारणं दिसत नाही, पण साईट परत जागेवर आणायला दोन्हीत सारखाच वेळ जातो.

म्हणून यूट्यूबवर अमेरिकन लोक जे पाउंडांत बोलतात, अमुक पाउंडाची स्प्रिंग घाला तमुक काढा, ते बघून .२२ ला काही करू नका. ते बहुतेक १९११ बद्दल किंवा ९ एमएम बद्दल बोलत असतात. १९११ म्हणजे .४५ चं, सव्वाअकराशे ग्रॅमच्या आसपासचं स्टीलचं धूड, त्याची स्टँडर्ड स्प्रिंग १६ पाउंडाची, म्हणजे सव्वासात किलो. ग्लॉक १७ रिकामं सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, बॉडी प्लास्टिकची, स्प्रिंग १७ पाउंडाची. ती सगळी नळी लॉक होणारी पिस्तुलं, त्यांचं गणित वेगळं. शिवाय आपल्याकडं ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या लायसन्सवर येत नाही, त्यामुळं तो सल्ला आपल्या उपयोगाचाही नाही. आपल्या रेंजवरच फरक बघायचा असेल तर सेंटर फायर प्रकार खेळणाऱ्यांकडं बघा, ते .३२ वॅडकटर (सपाट तोंडाची गोळी) मारतात, त्याची गोळी सहा ग्रॅमच्या पुढची, धक्का आपल्या .२२ च्या साधारण दुप्पट. काही पिस्तुलांना एकाच बॉडीवर .२२ आणि .३२ दोन्ही बसतात, पण बोल्ट आणि स्प्रिंग प्रत्येकाची वेगळी, ती डबीत एकत्र ठेवू नका, दिसायला बहिणी असतात.

मधल्या काळात कारखान्यातल्या एकानं आपुलकीनं सांगितलं की अरे आपण वळून देतो की, तार आहे, मशीन आहे, अर्ध्या तासाचं काम. मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण सरांनी स्पष्ट सांगितलं, आर्म्स ॲक्टमध्ये शस्त्राचे पार्टही शस्त्रातच येतात, बनवायला आणि दुरुस्तीला लायसन्स लागतं, उगाच एका स्प्रिंगपायी आपलं आणि कारखान्याचं नाव खराब करू नकोस. ते मला पटलं. आणि एक, ती कडक स्प्रिंग दोन वेटोळे कापून वापर असंही एकानं सुचवलं. कापायची नाही. वेटोळे कमी केले की उरलेली स्प्रिंग प्रत्येक मिलिमीटरला अजून कडक होते, फक्त सुरुवातीचा दाब कमी होतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

ओरिजिनल स्प्रिंग पाच आठवड्यांनी आली. साडेतीन हजारांत, कुरियर धरून. एवढ्याशा प्लास्टिकच्या पिशवीत, पार्ट नंबरची चिठ्ठी, बाकी काही नाही. ही माझी एक तक्रार आहे, त्या चिठ्ठीवर फ्री लेंथ तरी छापायला हवी, म्हणजे माणूस घरी पट्टीनं मोजून सांगू शकेल की आपली किती बसली. मी मोजली: ७२ मिमी. बंद बोल्टला १.६ किलो, पूर्ण मागं ३.२ किलो. आता जुनीशी ताडून बघा. मागच्या टोकाला २.८ आणि ३.२, फरक फार नाही, म्हणून हातानं बोल्ट ओढून काही कळत नव्हतं. पण बंद बोल्टला सव्वा आणि १.६, म्हणजे जवळजवळ पाव भाग जोर गेलेला, आणि बोल्टला शेवटचा मिलिमीटर बंद करायला नेमका तिथलाच जोर लागतो. फ्री लेंथ सहा मिलिमीटर कमी होणं ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते सगळं त्या शेवटच्या मिलिमीटरवर येऊन बसतं.

बसवायला दहा मिनिटं लागली. पहिल्या पन्नास गोळ्यांत एकही अडकली नाही, पुंगळ्या परत बुटाजवळ पडायला लागल्या, अडीच-तीन फुटांवर, एकाच ठिकाणी छोटा ढीग. तो ढीग बघून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. आवाजही बदलतो, मागं आपटण्याचा जो एक टक् यायचा तो बोथट झाला. आठ महिन्यांत साधारण तीन हजार गोळ्या झाल्यात, अडकल्या दोनदा, त्यातली एकदा काडतुसाचीच कड चेपलेली होती. स्प्रिंगला माझ्याकडून पूर्ण मार्क.

आता वजन. वेटं मी स्प्रिंगसोबतच मागवली होती, साडेसहा हजारांना दोन. माझं पिस्तूल वेटांशिवाय, रिकामं मॅगझिन लावून, १०४० ग्रॅम भरतं. २५ मीटरच्या पिस्तुलाला नियमानं १४०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅमचा, आणि पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिमीच्या खोक्यात मावलं पाहिजे, तर जागा भरपूर होती. मी पहिल्या दिवशी दोन्ही लावली. ११६०. प्रिसिजनला, म्हणजे १५० सेकंदांच्या सिरीजला, स्वर्ग. हात वर केला की साईट टार्गेटच्या काळ्या गोलाखाली जाऊन थांबायची, थरथर कमी झाली असं नाही, थरथर मंद झाली, आणि मंद थरथरीत ट्रिगर दाबायला वेळ मिळतो. याचं कारण साधं आहे, वजन किती यापेक्षा ते कुठं आहे याला जास्त किंमत. तेच ६० ग्रॅम ग्रिपमध्ये घातले तर काहीच कळणार नाही, मनगटापासून वीसेक सेंटिमीटर पुढं लावले की नळीचं टोक हलवायला आणि उडवायला दोन्हीला जास्त जोर लागतो.

धक्क्याचं गणितही करून बघितलं. तीच गोळी, तोच धक्का, पिस्तूल १०४० ग्रॅमचं असेल तर ते साधारण पाऊण मीटर प्रति सेकंदानं मागं यायला बघतं, ११६० ला दहा टक्के कमी. तीच गोळी ६०० ग्रॅमच्या हलक्या पिस्तुलातून मारली तर सव्वा मीटरच्या वर. आणि हातात जी ऊर्जा येते ती वजन निम्मं केलं की दुप्पट होते. म्हणून हलकं पिस्तूल दुकानात धरायला छान वाटतं आणि रेंजवर नको होतं. नवीन लोकांनी हे जरूर लक्षात घ्यावं, पहिलं पिस्तूल घेताना हातात तोलून "किती हलकंय" म्हणून खूश होऊ नका.

पण दोन्ही वेटांचा आनंद माझा तीन आठवडेच टिकला. २० सेकंदांपर्यंत ठीक. १० सेकंदांत ४५ अंशातून हात वर आणताना पुढं जड झालेलं नाक काळ्याच्या वर निघून जायचं आणि ते थांबवून खाली आणायला अर्धा-पाऊण सेकंद जायचा. जड वस्तू हलायला जशी वेळ घेते तशी थांबायलाही घेते. पहिली गोळी उशिरा, मग बाकी चार घाईत. आणि साठ गोळ्या संपेपर्यंत खांद्याच्या पुढच्या बाजूला एक चमक निघायला लागली. आमच्या रेंजवर एक कॉलेजची मुलगी आहे, २५ मीटर पिस्तूल खेळते, ही मुलं-मुली राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्सला याच प्रकारात गोल्ड मारलं ते बघून आलेली, फार मन लावून करतात. ती मला म्हणाली, "दादा, एक काढून बघा ना, आमच्या रॅपिडला हात तीन सेकंदांत वर आणून एकच मारायची असते, तरी मी एकच लावते." मी म्हटलं बघू. एक काढलं, आणि उरलेलं एक सगळ्यात पुढच्या भोकात न लावता मधल्या भोकात लावलं. ११०० ग्रॅम. तिथं जुळलं. नाक काळ्याखाली येऊन थांबतं, गोळीनंतर साईट वर जाते आणि स्वतःहून त्याच खाचेत परत येते, मी आणायची गरज नाही, मी फक्त वाट बघतो.

ही जी परत येण्याची गोष्ट आहे ती स्प्रिंग आणि वजन दोन्ही मिळून करतात, एकट्या कुणाचं काम नाही. मी मुद्दाम एक प्रयोग केला, सरांना विचारून, एका सकाळी जुनी बसलेली स्प्रिंग घालून एक वेट, मग नवी स्प्रिंग विनावेट, मग नवी आणि एक, मग नवी आणि दोन. प्रत्येकी चार सिरीज, १० सेकंदांच्या, सगळ्या एकाच लॉटच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसांनी. जुनी स्प्रिंग असताना वेट लावून उडणं कमी दिसलं पण बोल्ट अर्धवट बंद होणं तसंच. नवी स्प्रिंग विनावेट चालली छान, पण साईट परत येताना थोडी डावीकडं उतरायची. नवी आणि एक सगळ्यात सरळ. त्यामुळं माझं मत पक्कं झालंय की आधी स्प्रिंग नीट करा मग वजनाकडं बघा. बसलेल्या स्प्रिंगवर वजन लावून झटका लपवता येतो, पण मग खरं दुखणं कळतच नाही, आणि तो आपटणारा बोल्ट आत बॉडीला मार देत राहतो. काडतूस बदललं तर परत बघावं लागतं हेही सांगून ठेवतो, हाय व्हेलॉसिटी काडतूस या पिस्तुलांत घालूच नये, आणि स्टँडर्डमध्येही दोन कंपन्यांच्या दारूत फरक असतो, हिवाळ्यात सकाळी सातला बालेवाडीला गारठा असतो तेव्हा तर जाणवतो. त्या दिवसांत ग्रीस कमी आणि पातळ तेल एक थेंब, एवढं केलं की पुरतं.

स्कोअर विचाराल तर १० सेकंदांच्या टप्प्यात मी आधी २०० पैकी १६८-१७० च्या घरात होतो, आता सरावात १७६-१७८ पडतात. सगळं श्रेय स्प्रिंगला देणार नाही, मधल्या काळात सरावही केलाय. पण पाचवी गोळी वर-डावीकडं जाणं जे बंद झालं ते स्प्रिंगमुळंच, ते बदलल्याच्या दिवशीच बंद झालं.

वेटांबद्दलच्या तक्रारी दोन. स्क्रू सैल होतात. पहिल्या महिन्यात दोनदा सिरीज चालू असताना खडखड ऐकू आली. निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक टिपूस लावलं, तेव्हापासून शांत, पण ते सोबत द्यायला काय हरकत होती. आणि फिनिश, साडेसहा हजारांच्या मानानं काळा रंग लवकर उडाला, घामाचा हात लागून कडेला गंजाची बारीक रेघ आली, पुण्याचा पावसाळा आहे, रोज पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. दुसरं वेट माझ्याकडं पडून आहे, १५० सेकंदांपुरतं लावून पुढं काढता येईल असं मनात होतं पण टप्प्याटप्प्यानं तोल बदलत बसण्यात अर्थ नाही, हात एकाच तोलाला शिकतो. एकच मिळत असेल तर एकच घ्या.

कुणी घ्यावं? तुमच्या पिस्तुलानं पाच-सात हजार गोळ्या खाल्ल्या असतील आणि स्प्रिंग मूळचीच असेल तर वेट, ग्रिप, काही घेण्याआधी स्प्रिंग घ्या, ओरिजिनलच घ्या, आणि दोन घ्या, कारण एक यायला पाच आठवडे लागतात. आली की लगेच व्हर्निअरनं फ्री लेंथ आणि तार मोजून वहीत लिहून ठेवा. मी आता दर हजार गोळ्यांना काढून मोजतो, तीन हजारांनंतर ७१ च्या थोडी वर आहे. ६९ ला आली की बदलणार असं ठरवलंय, तो आकडा माझा अंदाज आहे, जुनी ६६ ला असताना त्रास पुरता वाढलेला होता त्यावरून धरलेला.

जुनी स्प्रिंग सरांनी मागून घेतली. त्यांच्या टेबलावर एका डबीत ती, ती ०.९ वाली आणि एक नवी अशा तीन ठेवल्यात. परवा एका नवीन पोराच्या पुंगळ्या पार्टिशनवर आपटत होत्या, सरांनी त्याला बोलावून तिन्ही शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि विचारलं, "यातली तुझी कुठली असेल, सांग बघू."